शाळेचं मूडल कुठं ठेवावं: शाळेच्या खोलीत की भाड्याच्या सर्व्हरवर?

कारेलीबागेतल्या आमच्या शाळेत मी संगणक शिकवते, आणि ऑनलाइन अभ्यासाचं सगळं काम माझ्याकडे आहे. कोरोनाच्या काळात आम्ही मूडल (ऑनलाइन अभ्यासाचं आणि चाचण्यांचं सॉफ्टवेअर) सुरू केलं तेव्हा सर्व्हर, म्हणजे ते ज्यावर चालतं ते यंत्र, शाळेतच होता, आता तो बाहेर आहे. दोन्ही बाजू हाताखालून गेल्यामुळे बडोद्यातल्या दुसऱ्या शाळांचे शिक्षक विचारायला येतात. बहुतेकांच्या हातात दोन कोटेशनं असतात, एक सर्व्हर विकणाऱ्याचं आणि एक होस्टिंगवाल्याचं, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्याचं. मी त्यांना आधी एक नाव कागदावर लिहायला सांगते: चाचणीच्या सकाळी साइट उघडली नाही तर दुरुस्तीला कोण बसणार? ते नाव लिहिता आलं की बाकीचं ठरवता येतं. नाव सुचत नसेल, तर दोन्हींपैकी एकाही कोटेशनवर सही करायची घाई करू नये.

त्याहीआधी पाहायचं ते हे, की होस्टिंगची गरज आहे का. शिक्षकांना फक्त गृहपाठ द्यायचा असेल, वह्यांचे फोटो गोळा करायचे असतील आणि एखादी छोटी चाचणी घ्यायची असेल, तर गूगल क्लासरूम पुरतं. शाळांसाठीची गूगल वर्कस्पेसची मूळ आवृत्ती पात्र संस्थांना मोफत मिळते आणि सगळ्या शाळेत मिळून १०० टीबी जागा असते. त्यात सर्व्हरचा प्रश्नच उद्भवत नाही. मूडल घ्यावं ते प्रश्नपेढी वर्षानुवर्षं साठवायची असेल तेव्हा, प्रत्येक मुलाला वेगळ्या क्रमानं प्रश्न द्यायचे असतील तेव्हा, किंवा गुणांचा आणि उपस्थितीचा सगळा हिशेब शाळेच्याच ताब्यात हवा असेल तेव्हा. २००२ पासून ते मुक्त सॉफ्टवेअर म्हणून मिळतं, परवान्याला पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो सांभाळण्याचा.

कोणाशीही बोलायला बसण्याआधी मूडल कशाकशाचं बनलेलं असतं ते ट्रस्टींनीही समजून घ्यावं, फार अवघड नाही. एक, पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्राम. तो हरवला तर पुन्हा उतरवून घेता येतो. दोन, डेटाबेस, म्हणजे मुलांची नावं, प्रश्न, उत्तरं, गुण. तीन, मूडलडेटा नावाचं फोल्डर, ज्यात मुलांनी चढवलेल्या फायली असतात. शिवाय क्रॉन नावाचं एक काम दर मिनिटाला मागे चालावं लागतं. ते बंद पडलं की सूचना जात नाहीत, वेळ संपलेल्या चाचण्या बंद होत नाहीत, आणि वरून पाहणाऱ्याला साइट अगदी ठीक दिसते. होस्टिंगवाला भेटला की त्याला क्रॉन किती मिनिटांनी चालवता येईल ते विचारा. स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) बरेचदा १५ मिनिटांखाली परवानगी नसते, आणि फायलींच्या संख्येवरही मर्यादा असते. जाहिरातीत जागा अमर्याद म्हटलेली असली तरी मूडलडेटातल्या हजारो छोट्या फायली त्या मर्यादेला जाऊन धडकतात. पंचवीस-तीस मुलांच्या शिकवणीला ते चालेल, शाळेला नाही.

आता खरा मुद्दा, चाचणीची सकाळ.

मूडलचा नेहमीचा दिवस शांत असतो. एका वेळी दहा-वीस मुलं, कुणी धडा वाचतंय, कुणी गृहपाठ चढवतंय. समजा नववी ते बारावी मिळून ४८० मुलं आहेत आणि चाचणी ११ वाजता आहे. ११ ला एक मिनिट कमी असताना सगळ्यांची बोटं सुरुवातीच्या बटणावर असतात. त्या एका मिनिटात सर्व्हरला प्रत्येकासाठी पेढीतून प्रश्न निवडायचे असतात, क्रम बदलायचा असतो, आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद डेटाबेसात लिहायची असते. पुढे दर मिनिटाला उत्तरं आपोआप साठवली जातात, ते काम हलकं असतं. पुन्हा दाब येतो वेळ संपताना. मूडलच्या कागदपत्रांत एक ठोकताळा दिलेला आहे: दर १ जीबी रॅममागे एकाच वेळी काम करणारे १० ते २० जण. म्हणजे ४८० मुलांना २४ ते ४८ जीबी. वर्षातले उरलेले दिवस मात्र ८ जीबी भरपूर होतात.

निवड बरीचशी इथेच होते. सर्व्हर विकत घ्यायचा तर तो त्या मोजक्या सकाळींच्या मापाचा घ्यावा लागतो, आणि इतर वेळी तो रिकामा फिरतो. भाड्याचा सर्व्हर आदल्या संध्याकाळी मोठा करता येतो आणि चाचण्या संपल्या की पुन्हा लहान. आम्ही तसंच करतो. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. वाढवताना फक्त प्रोसेसर आणि रॅम वाढवायची, डिस्क नाही. कारण वाढवलेली डिस्क बऱ्याच ठिकाणी परत लहान करता येत नाही आणि मग मोठं भाडं कायमचं गळ्यात पडतं. दुसरं, नुसती रॅम वाढवून भागत नाही. पीएचपीच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची मर्यादा सेटिंगमध्ये जुनीच राहिली, तर अर्धी रॅम मोकळी असते आणि मुलं मात्र गोल फिरणारं चक्र बघत बसतात. सर्व्हर मोठा केल्यावर एका वर्गाला लॅबमध्ये बसवून खोटी चाचणी घेऊन बघावीच.

आणि पैसे न लागणारा उपाय तर कुठेही चालतो: तुकड्यांना दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं बसवणं. ११, ११:१०, ११:२०, ११:३०. सुरुवातीचा तो एकच जड मिनिट चार ठिकाणी वाटला जातो. व्हिडिओ सर्व्हरवर ठेवूच नयेत. युट्यूबवर असूचीबद्ध ठेवून मूडलमध्ये नुसता दुवा द्यावा. नाहीतर शंभर मुलं एकदम १ एमबीपीएस वेग लागणारा व्हिडिओ बघायला लागली की १०० एमबीपीएस तिथेच गेले.

शाळेत सर्व्हर ठेवण्याचा खर्च लोक यंत्राच्या किमतीवर मोजतात, तसा तो मोजू नये. १५० वॅट घेणारं यंत्र दिवसरात्र चालू ठेवलं तर महिन्याला १०८ युनिटं होतात. युनिटला ८ रुपये धरले तर साडेआठशेच्या पुढे. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा खोलीला एसी लागतो, आणि रात्रीसुद्धा लागतो. यूपीएसच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत बदलाव्या लागतात. या सगळ्यांत इंटरनेट सर्वात दुर्लक्षित. घरी बसलेल्या मुलाला साइट दिसते ती शाळेच्या अपलोडच्या वेगावर, आणि कोटेशनमध्ये ठळक छापलेला असतो तो डाउनलोडचा. बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर शाळेला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर बाहेरून पोहोचता येईल असा क्रमांक) मिळतच नाही, अनेक ग्राहकांमागे मिळून एकच असतो. स्थिर, म्हणजे न बदलणाऱ्या आयपीचे वेगळे पैसे भरावे लागतात. अजून एक त्रास असा, की मूडलला आपला एकच पत्ता ठाऊक असतो. बाहेरून साइट छान उघडते, आणि त्याच इमारतीतल्या लॅबमधून उघडत नाही, कारण शाळेचा राउटर स्वतःचाच बाहेरचा पत्ता आतून फिरवून देत नाही. यावर उपाय आहेत, पण ते करणारं माणूस शाळेत हवं.

शिवाय बडोद्यात पाण्याचा विचार केल्याशिवाय यंत्राची जागा ठरवता येत नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. २०२४ च्या ऑगस्टअखेर, जन्माष्टमीला लागूनच, विश्वामित्री नदी धोक्याच्या पातळीच्या दहा फुटांहून वर चढली. आमचा सर्व्हर पहिल्या मजल्यावर लॅबला लागून होता, त्याला पाणी शिवलं नाही. तळमजल्यावर मात्र पाणी आलं, आणि मीटर, राउटर, फायबरची पेटी सगळं खालीच. वीज सुरक्षेसाठी बंद केलेली होती, यूपीएस तासाभरात संपला. त्या दिवसांत अभ्यास कोण करणार होतं, हा प्रश्न बरोबर आहे; पण शाळा कधी उघडणार, सत्राचं वेळापत्रक काय, कोणत्या मुलाकडे काय हवं नको, हे विचारायची जागाच बंद होती. त्यानंतर आचार्यबेन (मुख्याध्यापिका) आणि ट्रस्टींपुढे विषय ठेवला आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही साइट बाहेर हलवली. एवढा मोठा पूर रोज येत नाही हे खरं. उत्तरायणात पतंग ओढताना तारा तुटणं, रस्ता खोदताना फायबर कापलं जाणं, वीज कंपनीचं दुरुस्तीचं काम, हे मात्र दरवर्षीचंच आहे.

शाळेत ठेवणं चुकीचंच, असं मात्र मी म्हणणार नाही. मुलं फक्त लॅबमध्ये बसूनच वापरणार असतील, घरी इंटरनेट नसेल, तर लॅबमधला सर्व्हर फार उपयोगी. शाळेच्या आतलं नेटवर्क चालू आहे तोवर बाहेरचं इंटरनेट गेलं तरी वर्ग थांबत नाही. कोलिब्री नावाचं मुक्त सॉफ्टवेअर तर याच कामासाठी बनवलेलं आहे, रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या यंत्रावरसुद्धा चालतं, आणि धडे एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे आता दोन्ही आहे: मूडल बाहेर, आणि सातवीपर्यंतच्या मुलांचं सरावाचं साहित्य लॅबमध्येच. बहुतेक शाळांना मी हीच विभागणी सुचवते. परीक्षा, गुण आणि पालकांशी संपर्क बाहेर. रोजचा जड अभ्यास आत.

बाहेर ठेवायचं ठरलं तर त्यातही पायऱ्या आहेत. नुसता सर्व्हर भाड्याने घेता येतो. ॲमेझॉनची केंद्रं मुंबई आणि हैदराबादला आहेत, गूगलची मुंबई आणि दिल्लीला, मायक्रोसॉफ्टचं पुण्यालाही आहे, डिजिटलओशनचं बंगळुरूला. ८ जीबीचा सर्व्हर महिना ४,००० रुपयांच्या आसपास पडतो, वर १८ टक्के जीएसटी. शाळेच्या शिक्षणसेवेवर जीएसटी नसल्यामुळे तो भरलेला कर वळता करून मिळत नाही, म्हणून हिशेबात पूर्ण धरा. इथे लिनक्स (सर्व्हरवरची मूळ प्रणाली), अपडेट, सुरक्षा सगळं तुमच्याच माथी असतं, फक्त वीज आणि यंत्र त्यांचं. यात नव्या माणसाला एक गोष्ट हमखास अडवते: अनेक क्लाउडवर, म्हणजे अशा भाड्याच्या सेवांवर, ईमेल पाठवायचं २५ क्रमांकाचं पोर्ट (बाहेर जायचं दार) बंद ठेवलेलं असतं. साइट उत्तम चालते, आणि पासवर्ड विसरलेल्या मुलाला ईमेल जात नाही. ईमेलची सेवा वेगळी जोडावी लागते.

दुसरी पायरी म्हणजे मूडल सांभाळून देणारी कंपनी. महाग पडते, पण शाळेत लिनक्स येणारं कुणी नसेल तर मी हीच सांगेन. तिसरी, अगदी तयार सेवा, जशी मूडलची स्वतःची मूडलक्लाउड. तिथे मुलांची संख्या आणि जागा पॅकेजप्रमाणे बांधलेली असते आणि हवी ती प्लगइनं (वरून जोडायच्या सोयी) टाकता येत नाहीत. लहान शाळेला पहिल्या वर्षी हरकत नाही.

कंपनीशी बोलताना दर किती यावर वेळ घालवण्यापेक्षा पुढच्या गोष्टी लेखी घ्या. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कोणाच्या नावावर नोंदवलेलं आहे? ते शाळेच्या नावावर आणि शाळेच्या ईमेलवरच हवं, शिक्षकाच्या वैयक्तिक ईमेलवरही नको. गावातल्या एका शाळेचं डोमेन एजंटनं आपल्याच नावावर घेतलं होतं. बिनसलं तेव्हा साइट, ईमेल, पालकांना दिलेले सगळे पत्ते त्याच्या हातात राहिले. मूडलचा मुख्य ॲडमिन पासवर्ड कोणाकडे? डेटाबेस आणि मूडलडेटाची पूर्ण प्रत मागितली तर किती दिवसांत, कोणत्या रूपात मिळेल? एकेका विषयाची एमबीझेड फाईल देऊन ते मोकळे होत असतील तर तो पूर्ण बॅकअप नव्हे. मूडलची कोणती आवृत्ती टाकणार? ४.५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि तिच्या सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळणार आहेत. दुरुस्त्या बंद झालेली आवृत्ती कुणी गळ्यात मारत असेल तर उठून या. आणि नवरात्रात रात्री ११ वाजता फोन कोण उचलणार? बडोद्यात त्या नऊ रात्री सगळं गाव गरब्याला असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घटक चाचणी असू शकते. मी हा प्रश्न प्रत्येक कंपनीला विचारते, आणि उत्तर देताना समोरचा किती वेळ घेतो तेही बघते.

कायद्याचं ट्रस्टींना आवर्जून सांगा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक आहे, म्हणजे आपली जवळजवळ सगळी शाळा, आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. होस्टिंग बाहेर दिलं तरी माहितीची जबाबदारी शाळेचीच राहते, आणि ज्याला काम दिलं त्याच्याशी रीतसर करार असावा लागतो. ‘आम्ही तर कंपनीला दिलं होतं’ हे उत्तर चालणार नाही. मला हे योग्यच वाटतं. मुलांचे गुण, पत्ते, फोन नंबर पालकांनी आपल्या भरवशावर दिलेले असतात. म्हणून प्रवेशाच्या वेळीच संमतीचा कागद घ्या, आणि मूडलमध्ये जन्मतारीख, आधार क्रमांक, जात यांतलं काही भरूच नका. चाचणी घ्यायला त्याची गरज नसते.

बॅकअपबद्दल सगळे ‘हो, होतो’ म्हणतात. होतो की नाही ते असं बघा. लॅबमधलं एक जुनं यंत्र घ्या, त्यावर लिनक्स आणि मूडलची तीच आवृत्ती टाका. काल रात्रीचा डेटाबेस आणि मूडलडेटा आणून चढवा. मग तीन गोष्टी उघडा. एखाद्या मुलाची मागच्या चाचणीतली उत्तरपत्रिका: प्रश्न, त्यानं निवडलेलं उत्तर, गुण, सगळं दिसायला हवं. त्याच मुलानं चढवलेली गृहपाठाची फाईल: नाव दिसतं आणि क्लिक केल्यावर उघडत नाही, असं झालं तर डेटाबेस आला पण मूडलडेटा अर्धवट आहे, किंवा दोन्ही वेगवेगळ्या रात्रींचे आहेत. आणि गुजराती किंवा मराठीत लिहिलेला एखादा प्रश्न: अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर डेटाबेसची प्रत काढताना अक्षरसंच चुकला आहे. ही तिसरी तपासणी कंपनीवाले कधीच करत नाहीत, कारण त्यांच्या नमुन्यातले प्रश्न इंग्रजीत असतात. दर सत्राला एकदा हे करा. सर्व्हरवर दोन डिस्का एकमेकींची प्रत ठेवतात म्हणून बॅकअप नको, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. कुणी चुकून विषय पुसला तर तो दोन्हींवरून एकाच क्षणी पुसला जातो. एक प्रत कंपनीकडे, एक दुसऱ्या ठिकाणी, आणि एक शाळेच्या तिजोरीतल्या डिस्कवर, पासवर्डनं बंद केलेली.

शेवटी हलवण्याबद्दल. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीचे एकवीस दिवस मिळतात, तोच काळ घ्या. जूनमध्ये प्रवेशाची धांदल असते आणि जानेवारीत पूर्वपरीक्षा. डोमेन तेच ठेवा, कारण मूडल आपला पत्ता हजारो दुव्यांत लिहून ठेवतं आणि पत्ता बदलला की ते सगळे दुवे डेटाबेसात शोधून बदलावे लागतात. आदल्या दिवशी डीएनएसमधला (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे नेतं त्या नोंदीतला) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे किती वेळ टिकते तो काळ, ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे नवा पत्ता लवकर पसरतो. मूडलडेटा मोठा असतो, तो दोन दिवस आधी नेऊन ठेवा. प्रत्यक्ष दिवशी साइट देखभाल मोडमध्ये टाकून, म्हणजे मुलांसाठी तात्पुरती बंद करून, फक्त बदललेल्या फायली आणि ताजा डेटाबेस न्या. नव्या जागी क्रॉन चालतोय का, ईमेल जातंय का, साइटच्या सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण आपोआप होतंय का ते बघा. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचंच असतं, आणि ते संपलं की ब्राउझर पालकांना लाल पाटी दाखवतो.

जुन्या सर्व्हरवरचा डेटा नव्या जागी एक सत्र परीक्षा पार पडेपर्यंत पुसू नका. पुसताना नुसतं फॉरमॅट करून यंत्र भंगारात देऊ नका. फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून मुलांची माहिती परत काढता येते. पूर्ण डिस्क एकदा शून्यांनी भरून घ्या, आचार्यांची सही घेऊन नोंदवहीत लिहा, आणि मगच ते यंत्र लॅबमध्ये सरावाला लावा.